घरातल्या कुणाला वस्तीतल्याच गुन्ह्यात अटक झाली तर: घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काय करायचं

माझ्या धाकट्या भावाला आमच्याच चाळीतल्या एका मुलावर चाकूने वार केल्याच्या गुन्ह्यात अटक झाली. मुलगा वाचला. त्याचं घर आणि आमचं घर एकाच मजल्यावर, मध्ये तीन खोल्या. अशा वेळी आरोपीला वकील मिळतो, जखमीच्या बाजूने सरकारी वकील उभा राहतो. आरोपीच्या आईने, बायकोने, बहिणीने दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला कसं जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या शेजाऱ्यांसाठीही.

भावाने काय केलं आणि का केलं ते कोर्ट ठरवेल, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. माझा आग्रह एकच आहे. केस वकील लढवेल. शेजार आपल्याला सांभाळायचा आहे. या दोन कामांची सरमिसळ होऊ देऊ नका. बहुतेक घरं अडचणीत येतात ती वकिलाचं काम जिन्यात आणि नळावर करायला गेल्यामुळे.

खालची माहिती महाराष्ट्रातली आहे. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झालेत, पण वस्तीत अजून जुनेच आकडे चालतात. खुनाचा प्रयत्न म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 109. चाळीत मात्र 'तीनशे सात लागलं' असंच म्हणतात. वकिलाशी बोलताना कागदावरचा नवा आकडा सांगा.

1. पहिल्या रात्री: माणूस कुठे आहे ते नक्की करा

घरात दहा जण दहा सल्ले देतात. कुणी नगरसेवकाला फोन लावायला सांगतं, कुणी आपल्या ओळखीच्या साहेबाचं नाव घेतं. ते सगळं नंतर. आधी घरातल्या दोघांनी पोलीस ठाण्यात जायचं आणि ठाणे अंमलदाराकडून चार गोष्टी लिहून घ्यायच्या: गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं.; लावलेली कलमं; तपास अधिकाऱ्याचं नाव; आणि कोणत्या कोर्टात, केव्हा हजर करणार.

अटक झाली असेल तर ती का झाली हे त्या माणसाला सांगणं आणि तो कुठे आहे हे घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 47 आणि 48). अटकेच्या कागदावर घरच्या किंवा वस्तीतल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतात. तुमच्याकडे सही मागितली तर तारीख आणि वेळ वाचून मगच करा, कारण 24 तासांची मोजणी तिथून सुरू होते. प्रवासाचा वेळ सोडला तर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. त्याची वैद्यकीय तपासणीही व्हायला हवी. बीपी, साखर, फिट यांपैकी काही औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या सोबत न्या, आणि दिल्याची नोंद करायला सांगा.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तसा आदेश दिला आहे; लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली आहेत.

सापळा: ठाण्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर 'मांडवली करून देतो' म्हणणारा एखादा उभा असतोच. सकाळपर्यंत सोडवतो, कलम हलकं करतो, अमुक इतके लागतील. घाबरलेल्या घरातून पैसे काढायची ती सोपी वेळ असते. त्याला एक रुपया देऊ नका. गंभीर कलम लागलं असेल तर सोडायचं की नाही हे कोर्टच ठरवतं.

2. वकील ठरवा, पण दागिने विकून नव्हे

कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूद आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाईलाही तिच्या स्वतःच्या प्रकरणासाठी तीच सोय आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला विधी सेवा समिती असते. 15100 या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. फुकटचा वकील म्हणजे कामचलाऊ, असं लोक म्हणतात. मी चांगले पाहिलेत. फी घेऊन तारखेला न येणारेही पाहिलेत.

खासगी वकील केलात तर फी टप्प्याटप्प्याने ठरवा: रिमांड, जामीन अर्ज, नंतर खटला. पावती मागा. वकीलपत्रावर आरोपीची सही लागते, ती कोर्टात हजर करतानाच घेऊन टाकणं सोपं जातं.

दोन शब्द पहिल्या दिवसापासून कानावर पडतील. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. एमसीआर झाली की आता पोलीस परत नेणार नाहीत असं घरचे धरून चालतात. तसं नाही. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांचीच, पण नव्या कायद्यात ती सलग घ्यावी लागत नाही. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. आईला हे आधीच समजावून ठेवा, नाहीतर दुसऱ्यांदा नेल्यावर ती हाय खाते.

3. घरझडती आणि तुमचा जबाब

पोलीस घरी येतील. कपडे, फोन, गाडी नेतील. झडती दोन पंचांसमोर व्हायला हवी, तिचं चित्रीकरण व्हायला हवं, आणि नेलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत घरच्यांना मिळायला हवी. झडतीच्या वेळी घरातलं कुणीतरी हजर राहू शकतं. खोलीबाहेर जाऊन रडत उभं राहण्यापेक्षा आत थांबा आणि काय नेलं ते वहीत लिहा. घरची गाडी जप्त झाली तर ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, परत मिळवण्यासाठी वकिलामार्फत कोर्टात अर्ज करता येतो. गाडीवर कुणाचं पोट असेल तर हा अर्ज लवकर करा.

झडतीआधी किंवा नंतर कपडे धुणं, फोनमधले मेसेज पुसणं, काही फेकून देणं यातलं काहीही करू नका. पुरावा नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो करणारा आरोपीच्या पंगतीत जाऊन बसतो. आरोपी फरार असेल आणि तुम्ही त्याला लपवलंत तर तोही गुन्हा. त्यात सूट आहे ती फक्त पती-पत्नीला. आईला नाही, बहिणीला नाही. मायेपोटी मामाच्या गावाला धाडून देणारी घरं इथेच अडकतात.

जबाबासाठी बायकांना, 15 वर्षांखालच्या मुलांना, 60 वर्षांवरच्या पुरुषांना, अपंग आणि गंभीर आजारी माणसांना ठाण्यात बोलावता येत नाही. राहत्या जागी येऊन विचारावं लागतं. स्वखुशीने जायचं असेल तर जाता येतं. पोलिसांना दिलेल्या अशा जबाबावर सही करायची नसते, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. जे पाहिलं तेवढंच सांगा. 'तो तसा नाहीच' हे जबाबात सांगायचं काम नाही.

4. ज्याला लागलं त्याच्या घराशी कसं वागायचं

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त घरं इथेच चुकतात.

पहिली गोष्ट, त्यांच्या दारात केस मागे घ्या म्हणून जायचं नाही. आईने पदर पसरायचा नाही, वडिलांनी पाय धरायचे नाहीत, आणि 'दवाखान्याचा खर्च आम्ही करतो' असा निरोप मधल्या कुणाकडून पाठवायचा नाही. तुमच्या मनात पश्चात्ताप असेल, पण त्यांना ते दडपण वाटतं, आणि कागदावर त्याला साक्षीदारावर दबाव टाकणं म्हणतात. जामिनाची पहिली अटच बहुधा ही असते की साक्षीदारांना भेटायचं नाही, धमकवायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. घरच्यांच्या अशा एका भेटीवरून सरकारी वकील जामिनाला विरोध करू शकतो. शिवाय 109 सारख्या कलमात फिर्यादीने मनात आणलं तरी केस तडजोडीने मिटत नाही, त्यामुळे मागण्यासारखं तिथे काही नसतं. खर्चाचं काही करायचंच असेल तर वकिलाला विचारा, काय करायचं ते कोर्टामार्फत. जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना शासनाकडून नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात आहे आणि तो अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच जातो. हे त्यांना कळायला हवं, पण तुमच्या तोंडून नको; मजल्यावरच्या एखाद्या तटस्थ, जाणत्या माणसाला सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट, रोजची गाठभेट. चाळीत ती टळत नाही. आमच्याकडे पाणी पहाटे येतं आणि गॅलरीत रांग लागते. त्या मुलाची आई पिंप भरून जाईपर्यंत आम्ही खोलीतच थांबायचो आणि मग आमची कळशी घेऊन बाहेर पडायचो. गॅलरीतली कपड्यांची दोरी दोन्ही घरांची एक होती. आईने आमचे कपडे खोलीत वाळत घालायला सुरुवात केली. यात लाचारी नव्हती. ज्या बाईच्या मुलाला टाके पडलेत, तिला रोज सकाळी आमच्या घरातला शर्ट डोळ्यांसमोर नको, एवढंच. समोरासमोर आलोच तर मान खाली घालून बाजू द्यायची. त्या बोलल्या तर ऐकून घ्यायचं, शिव्या दिल्या तरी उलट बोलायचं नाही. 'तुमच्या मुलाने पण...' अशी सुरुवात होणारं एकही वाक्य तोंडातून काढू नका, मग ते खरं असलं तरी. ते वाक्य वकील कोर्टात बोलेल.

तिसरी गोष्ट, तुमच्या बाजूचे म्हणवणारे लोक. भावाचे मित्र, चुलते, गावाकडून आलेले पाहुणे. त्यांच्यापैकी कुणी त्या घरावर नजर ठेवतंय, जिन्यात अडवतंय, गाडीची रेस देत खालून जातंय असं कळलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा आणि वकिलाला सांगा. त्याचं नाव होत नाही, तुमच्या भावाचा जामीन जातो.

आणि हो, तुम्हाला त्या मुलाबद्दल वाईट वाटत असेल तर वाटू द्या. भावाची काळजी आणि त्या मुलाची काळजी एका वेळी करता येते. आई दोघांसाठी एकच उपास धरते.

5. तुमच्याच घराला त्रास होऊ लागला तर

दारावर दगड, रात्री दार वाजवणं, 'खोली खाली करा'. तातडीचं असेल तर 112. बाकी प्रत्येक वेळी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुठेही सिद्ध होत नाही. दोन्ही घरांतल्या तरुण मुलांना 'चॅप्टर'ची नोटीस येऊ शकते. हा शिक्षेचा कागद नाही, शांतता राखण्याचा बंधपत्रावरचा शब्द आहे, फार तर एका वर्षाचा. घाबरून गावाला पळू नका, तारखेला हजर राहा.

घराच्या बाबतीत हे लक्षात ठेवा:

भाडेकरू किंवा पागडीचे असाल तर घरमालकाला पाणी, वीज तोडता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29 खाली कोर्टात जाता येतं. लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर करारातली नोटिशीची मुदत वाचा. मुदत देऊन करार संपवण्याचा हक्क बहुधा मालकाला असतो, रातोरात सामान बाहेर काढण्याचा नाही.

सहकारी सोसायटीत सभासद असाल तर कमिटीच्या बैठकीत ठराव करून काढता येत नाही. 1960 च्या सहकारी संस्था कायद्यातलं कलम 35 पाहा: सर्वसाधारण सभेत हजर असलेल्यांचं तीन चतुर्थांश मत, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी, आणि त्यावर निबंधकाची मंजुरी, हे सगळं लागतं. शिवाय घरातल्या दुसऱ्याच कुणाला अटक झाली, हे सभासदाला काढायचं कारण होऊ शकत नाही.

'तुमच्या घरावर बुलडोझर आणतो' अशी धमकी कुणी दिली तर 13 नोव्हेंबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाला दाखवायला सांगा. घरातला एक जण आरोपी आहे म्हणून घर पाडणं म्हणजे सगळ्या कुटुंबाला शिक्षा देणं, असं कोर्टाने म्हटलं आहे. बांधकाम बेकायदा असेल तरी आधी किमान 15 दिवसांची नोटीस लागते. रस्ता, फुटपाथ, रेल्वे मार्ग, नदीपात्र अशा जागांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही, हेही माहीत असू द्या.

जातीच्या किंवा समाजाच्या पंचांनी वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हा कायदा समाजाने आपल्याच माणसावर घातलेल्या बहिष्कारासाठी आहे. शेजारीण बोलत नाही, हळदीकुंकवाला बोलावत नाही, याला तो लागू होत नाही. त्याला काळ जावा लागतो.

6. हे शेजाऱ्यांसाठी

वस्तीत चाकू चालला की दोन घरांपुरतं ते राहत नाही. आमच्या मजल्यावरच्या बायका रात्री सार्वजनिक संडासाला एकट्या जाईनाशा झाल्या, लहान मुलं जिन्यात खेळेनात, आणि मजल्याचे दोन तट पडले. तुम्हाला भीती वाटणं, राग येणं साहजिक आहे. तो राग आरोपीच्या घरातल्या म्हातारीवर निघू नये.

पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर जा, पण पंचनामा पूर्ण वाचून, काही समजलं नाही तर वाचून घेऊन, मगच सही करा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. काही वर्षांनी साक्षीला बोलावणं येईल आणि त्या दिवशी तोच कागद तुमच्यापुढे ठेवतील. साक्षीदार असाल तर पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. 'सगळे म्हणत होते' ही साक्ष नव्हे. कुठल्याही घराने आमच्या बाजूने बोला म्हणून गळ घातली तर नम्रपणे नाही म्हणा आणि तपास अधिकाऱ्याला कळवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर जखमीचे फोटो, आरोपीच्या बहिणीचा किंवा मुलांचा फोटो, 'हेच ते घर' असा व्हिडिओ फिरवू नका. आरोपी 18 वर्षांखालचा असेल तर त्याची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे (बाल न्याय अधिनियम 2015, कलम 74). कुठल्या गुन्ह्यात कोण अल्पवयीन आहे हे पहिल्या दिवशी वस्तीला माहीत नसतं, म्हणून काहीच न टाकणं बरं. सीसीटीव्ही असेल तर चित्रण पुसलं जाण्याआधी पोलिसांना कळवा. ते गावभर दाखवायची गरज नाही. जिन्यातला दिवा गेला असेल तर तो लावून घ्या, बीटच्या अंमलदाराला रात्रीची फेरी मारायला सांगा. भीती कमी होते ती अशा गोष्टींनी.

आरोपीच्या घराशी कसं वागावं, असं मला शेजारणींनी नंतर विचारलं. त्या वर्षी गणपतीत मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. आमच्या अलीकडच्या दारात थांबली आणि तिथून थेट पलीकडच्या दाराला गेली. आई शंभराची नोट हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. वर्गणी मागा, पावती द्या. वाणसामानाच्या दुकानातलं खातं बंद करू नका. समोरच्या काकूंनी त्याच आठवड्यात दार वाजवून विचारलं होतं, "दूध आणायला चाललेय गं, तुमची पिशवी आणू का?" भावाबद्दल एक शब्द नाही, जखमी मुलाबद्दलही नाही. आणि त्याच काकू रोज संध्याकाळी त्या मुलाच्या आईकडे डबा घेऊन जात. त्या आमच्या बाजूच्या आहेत असं कुणी म्हटलं नाही, त्या घराला तसं वाटलंही नाही.

7. मुलं आणि शाळा

घरात आरोपीची मुलं असतील तर त्यांना बाहेरून कळण्याआधी घरातून सांगा. 'बाबा गावाला गेलेत' हे दोन दिवस टिकतं, मग वर्गातलं पोर त्यांना खरं सांगतं आणि मुलं तुमच्यावरचा विश्वास गमावतात. मोजकंच सांगा: बाबांवर मोठी चूक केल्याचा आरोप आहे, ते कोर्टाच्या ताब्यात आहेत, त्यात तुझी काही चूक नाही, कुणी विचारलं तर 'घरच्यांना विचारा' म्हण. पेपरचं कात्रण, बातमीचा व्हिडिओ दाखवू नका.

वर्गशिक्षकांना स्वतः जाऊन भेटा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे मुलाला मानसिक त्रास देण्यास बंदी आहे आणि आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे सांगायची वेळ क्वचित येते. बहुतेक बाई समजून घेतात, त्यांना फक्त आधी सांगावं लागतं. जखमीच्या घरातलं मूल त्याच वर्गात असेल तर बाक बदलून मागा, आणि आपल्या मुलाचा बदला म्हणा. मूल खात नसेल, अंथरूण ओलं करत असेल, गप्प झालं असेल तर 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. मोठ्यांसाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी आहे, 14416. रात्री झोप उडाली की मीही तिथे बोलले आहे, मराठीत बोलता येतं.

कमावता माणूस आत गेला असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात बालसंगोपन योजनेबद्दल विचारा. तुमची परिस्थिती त्यात बसते का ते तिथेच कळेल.

8. नोकरी आणि पैसा

आरोपी सरकारी नोकरीत असेल तर 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की तो निलंबित मानला जातो. कार्यालयापासून लपवू नका, लेखी कळवा आणि निर्वाहभत्त्याची मागणी करा. तो मिळतो, पण मागावा लागतो. खासगी कंपनीत नियुक्तिपत्रातले नियम चालतात.

बँकेचे हप्ते त्याच्या खात्यातून जात असतील तर बँकेत जाऊन मुदत मागा. खात्यावर दुसऱ्याला अधिकार द्यायचा असेल तर तुरुंगातून सही घेण्यासाठी वकिलामार्फत, अधीक्षकांच्या साक्षांकनासह कागद करावे लागतात. वेळ जातो, म्हणून लगेच सुरू करा. घरातल्या इतरांच्या पासपोर्टला किंवा चारित्र्य पडताळणीला भावाच्या केसमुळे अडचण येत नाही. पडताळणी अर्जदाराच्या स्वतःच्या नावावरच्या गुन्ह्यांची होते. लग्नाच्या बोलणीत मात्र हा विषय निघतोच. पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

9. तुरुंगातली मुलाकात

न्यायालयीन कोठडी झाली की कोणत्या कारागृहात नेलं ते वकिलाला विचारा. मुंबईतल्या आरोपीला जागेअभावी ठाणे किंवा तळोजालाही नेतात. मुलाकातीचे वार आणि वेळा प्रत्येक कारागृहात वेगळ्या असतात, आधी फोन करून विचारा. राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर ई-मुलाकातीसाठी नोंदणी करता येते. म्हाताऱ्या आईला प्रवास झेपत नसेल तर व्हिडिओवरची भेट फार उपयोगी पडते.

सोबत न्या: मूळ आधार कार्ड आणि प्रत, नातं दाखवणारा कागद, गु.र.नं. आणि कोर्टाचा केस नंबर, आरोपीचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासह. मोबाइल आत नेता येत नाही. न्यायाधीन बंद्यांना, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यांना, स्वतःचे कपडे घालता येतात, पण कोणते आणि किती घेतात ते गेटवर विचारूनच आणा. पैसे मनिऑर्डरने पाठवता येतात, ते त्याच्या नावे जमा होतात आणि तो कॅन्टीनमधून तेल, साबण, बिस्किटं घेतो. आत पैसे पोचवतो म्हणणाऱ्या कुणालाही रोख देऊ नका.

भेटीची वेळ थोडी असते आणि काचेपलीकडे गोंगाट असतो. काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या. तब्येत, वकिलाचा निरोप, मुलांचं एखादं वाक्य. घटनेबद्दल तिथे बोलू नका. त्याने 'अमक्याला जाऊन सांग' म्हटलं, आणि तो अमका साक्षीदार असेल, तर तो निरोप पोचवू नका.

मुंबई परिसरात टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून कैदी आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करतो. गरज पडली तर तिथल्या समाजसेवकांना भेटा.

10. जामीन आणि घरी येणं

चार्जशीट वेळेत दाखल झालं नाही तर जामीन हक्काने मिळतो: दहा वर्षं किंवा जास्त, जन्मठेप, फाशी अशा शिक्षेच्या गुन्ह्यांत 90 दिवस, बाकीच्यांत 60. पण तो आपोआप मिळत नाही. मुदत संपल्यावर आणि चार्जशीट येण्याआधी अर्ज करावा लागतो. म्हणून कॅलेंडरवर पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजून खूण करा आणि वकिलाला आठवण द्या.

जामीनदारासाठी फाईल तयार ठेवा:

- जामीनदाराचं आधार, रेशनकार्ड, पॅन, फोटो
- पगाराच्या पावत्या आणि ओळखपत्र, किंवा सातबारा, किंवा घरपट्टीची पावती
- कोर्टाने मागितला तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला
- राहत्या पत्त्याचा पुरावा, वीजबिल
- एफआयआर, रिमांडचे आदेश, जामीन आदेशाची प्रत
- ईकोर्ट्स ॲपवर पाहण्यासाठी केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून 16)

जामीनदाराला स्पष्ट सांगा की आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार कोर्टाबाहेर भेटतात, त्यांच्या कागदपत्रांत खोट निघाली तर तुमचा माणूस परत आत जातो. जामीन मंजूर होऊनही रक्कम भरता न आल्यामुळे तो आतच राहिला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची मदत योजना 2023 पासून आहे.

आदेशातली प्रत्येक अट वाचा. अनेकदा खटला संपेपर्यंत त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत यायचं नाही अशी अट असते. ती नसली तरी माझं मत असं की काही महिने त्याला वस्तीबाहेर नातेवाइकाकडे ठेवा. जखमी मुलगा अजून जिना चढताना थांबतो, आणि त्याला त्याच जिन्यात तुमचा भाऊ भेटू नये. तो सुटेल त्या दिवशी मित्र गेटवर हार, फटाके, गाड्यांचा ताफा घेऊन येणार असतील तर आधीच निक्षून नको म्हणा. रिक्षाने न्या. स्टेटसला फोटो टाकू देऊ नका. ठाण्यातली हजेरी चुकवू देऊ नका, आणि हजेरीच्या दिवशी त्याच्यासोबत घरातलं कुणीतरी जा.

पुढे शिक्षा झाली तर संचित किंवा अभिवचन रजेच्या (फर्लो किंवा पॅरोलच्या) वेळी पोलीस वस्तीत येऊन शेजाऱ्यांना विचारतात: हा माणूस काही दिवस घरी आला तर तुमची हरकत आहे का? तो जबाब शेजाऱ्यांनी त्यांच्या मनाने द्यायचा असतो. त्याआधी कुणाच्याही दारात जाऊ नका. रजेत त्याला वस्तीऐवजी दुसऱ्या पत्त्यावर ठेवायचं असेल तर अर्जातच तो पत्ता आणि तिथल्या जामीनदाराचं नाव लिहा, म्हणजे चौकशी त्या हद्दीतल्या ठाण्याकडे जाईल.